अकराशे सत्त्याऐंशी नंबरचा आरोपी

मोना बहेकारला आमच्या कारखान्यात सगळे ओळखतात, पण ते तिच्या कामामुळे नाही. ती छत्तीस वर्षांची आहे, लग्न केलेलं नाही आणि कॅन्टीनमध्ये एकटी बसून डबा खाते, एवढी माहिती गेटवरच्या गार्डपासून मोठ्या साहेबांपर्यंत प्रत्येकाला तोंडपाठ आहे. ती सर्व्हर सांभाळते हे मात्र सर्व्हर बंद पडल्यावरच लोकांना आठवतं. चालू असला की तो आपोआप चालतो, असा आमच्याकडे समज आहे.

कारखाना भिलाईच्या औद्योगिक वसाहतीतला. खाजगी, तारेच्या गुंडाळ्या काढणारा. नाव लिहीत नाही, कारण मी अजून तिथेच नोकरीला आहे. प्रशासन विभागात कारकून आहे आणि बैठकांची इतिवृत्तं लिहितो. या गोष्टीतल्या चौकशी समितीचं इतिवृत्तही मीच लिहिलं, आणि त्यात तीन ठिकाणी आलेला 'सर्वानुमते' हा शब्द माझ्या हातचा आहे. ते आधीच सांगून टाकतो.

मोनाचे वडील केवलराम बहेकार आमगावकडचे. तरुणपणी स्टील प्लांटला लागले, चौतीस वर्षं कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर काढली आणि रिटायर झाल्यावर सेक्टरचं क्वार्टर सोडून हुडको वसाहतीत घर घेतलं. भाऊ कमलेश पुण्यात असतो आणि रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवून घरची जबाबदारी पार पाडतो. मोना आई-वडिलांजवळ राहिली. कोणालातरी राहावं लागतं, आणि तो कोण असणार हे आपल्याकडे न बोलताच ठरतं.

आठ वर्षांपूर्वी ती आमच्याकडे लागली तेव्हा वजनकाट्यावरचा प्रोग्राम फार अडकायचा. भरलेला ट्रक काट्यावर उभा, ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देतो आहे, आणि पडद्यावरचा आकडा गोठलेला. मोनानं यावर एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटासा प्रोग्राम, लिहिली. तिला नाव दिलं 'राखणदार'. काम साधं होतं. काट्याचा प्रोग्राम सुरू झाला की संगणक त्याला एक नंबर देतो. संगणकात चालणाऱ्या प्रत्येक कामाला असा नंबर असतोच. मोनाचा प्रोग्राम तो नंबर एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा. राखणदार दर मिनिटाला बघायचा की काटा श्वास घेतोय का. घेत नसेल तर फाइल उघडायची, नंबर वाचायचा, त्या नंबरला ठार करायचं आणि काटा नव्यानं सुरू करायची सूचना पडद्यावर लावायची.

राखणदारासाठी वेगळं खातं उघडायला संगणक विभागाचा फॉर्म लागतो. फॉर्मवर विभागप्रमुख सुजय साहेबांची सही लागते. ती सही तीन आठवडे आली नाही, म्हणून मोनानं राखणदार काट्याच्याच खात्यावर चढवला. माल बाहेर सोडण्याचा, म्हणजे डिस्पॅचचा प्रोग्रामही त्याच खात्यावर चालायचा. त्याच्या फॉर्मवर कोणाची सही राहिली होती, ते आता कोणालाच आठवत नाही. खात्याचा पासवर्ड काट्यावरच्या मॉनिटरला चिकटवलेल्या कागदावर होता, म्हणजे सुरक्षेची काळजीच नव्हती.

आठ वर्षं सगळं नीट चाललं. मोनाला त्याबद्दल कोणी शाबासकी दिली नाही, कारण काय टळलं ते कोणाला दिसलंच नव्हतं.

मग गेल्या एप्रिलमध्ये सुजय साहेबांनी कारखाना डिजिटल केला. म्हणजे गेटपासून काट्यापर्यंत बारा कॅमेरे बसवले. प्रत्येक ट्रकचा समोरून, मागून आणि नंबरप्लेटचा फोटो निघू लागला. उद्घाटनाला फीत होती, पेढे होते. सुजय साहेब संगणकाला शक्यतो हात लावत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी माउस धरून फोटो काढून घेतला.

मे महिन्यात एका दुपारी वीज गेली आणि यूपीएसनं साथ दिली नाही. बॅटऱ्या बदलायचा प्रस्ताव दीड वर्ष फिरत होता. वीज आली, सर्व्हर उठला, काट्यावरचा ऑपरेटर राजकुमार खुर्चीत बसून लॉगिन करतो न करतो तोच डिस्पॅच कोसळलं. चलन निघेना. नोंदी तपासून पुन्हा सुरू करायला तीन तास गेले. चाळीस ट्रक बेचाळीस डिग्रीत रस्त्यावर उभे. दहा दिवसांनी पुन्हा वीज गेली, पुन्हा तेच झालं.

राजकुमार नंदिनी नगरचा. वडील तिथल्या चुनखडीच्या खाणीत होते. हा रोज स्कूटरनं भिलाईला यायचा. पंचेचाळीस वर्षांचा, मितभाषी, ट्रकवाल्यांशी एका शब्दानं न भांडणारा. अशा माणसावर संशय घेणं सोपं असतं, कारण तो ओरडत नाही.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष प्रशासनाचे देवानंद साहेब. सदस्य सुजय साहेब. दुसरे सदस्य सुरक्षा अधिकारी, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, जे कुठल्याच बैठकीत बोलत नाहीत. सचिव मी.

सुजय साहेबांनी सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, छापून आणला. त्यात स्पष्ट होतं की डिस्पॅचला ठार करण्याचा हुकूम 'काटा' या खात्यावरून गेला.

"काट्यावर कोण बसतं?" देवानंद साहेबांनी विचारलं.

"राजकुमार."

"मग झालं की."

राजकुमारला आत बोलावलं. त्यानं सांगितलं, "साहेब, मी फक्त लॉगिन केलो. काटा चालू करून राहिलो होतो. डिस्पॅचले मी हात नाही लावला. मले त्यातलं समजतच नाही."

"समजत नाही, हे तू म्हणतोस," देवानंद साहेब म्हणाले. हे वाक्य मी इतिवृत्तात जसंच्या तसं घेतलं.

आता गुन्ह्याला कारण लागतं. तेही सापडलं. राजकुमारनं गेल्या वर्षभरात दोन अर्ज दिले होते, खुर्चीचा पाय मोडला आहे, दुसरी मिळावी म्हणून. खुर्ची मिळाली नव्हती. समितीच्या मते त्या रागातून त्यानं कंपनीचं डिस्पॅच दोनदा पाडलं. सर्वानुमते निलंबन झालं. माझा पहिला 'सर्वानुमते' तो.

मोना समितीत नव्हती. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला सर्व्हरच्या चौकशीत घेतलं तर चौकशी निःपक्षपाती राहत नाही, असं सुजय साहेबांचं म्हणणं होतं. पण तिला एक गोष्ट खटकली. ठार करायचा हुकूम ज्या पद्धतीनं गेला होता त्यावरून तो हातानं टाइप केलेला वाटत नव्हता. दोन्ही वेळा बरोबर मिनिटाच्या शून्याव्या सेकंदाला गेला होता. राजकुमार दोन बोटांनी टाइप करायचा. त्याच्याकडून इतका नेमकेपणा होणं शक्य नव्हतं.

पुढचे तीन दिवस तिनं जेवणाची सुट्टी सर्व्हरच्या खोलीत काढली. संगणक हे नंबर देतो कसे, ते ती मुळापासून वाचत होती. हे काम संगणकाच्या अगदी आत बसलेला कर्नल करतो. सगळ्या प्रोग्रामांचा कारभार त्याच्याच हातात असतो, आणि त्याचं सगळं लिखाण कोणालाही वाचायला उघडं असतं. आमच्या प्रशासनापेक्षा तो इथेच वेगळा पडतो.

तिला जे कळलं ते असं. कर्नल नंबर देताना फार विचार करत नाही. शेवटी दिलेल्या नंबरच्या पुढचा नंबर घ्यायचा, तो कोणाकडे असेल तर त्याच्या पुढचा, एवढंच. आमच्या जुन्या सर्व्हरवर ही गाडी बत्तीस हजार सातशे अडुसष्टच्या आत वळते, परत खाली येते आणि मोकळे झालेले नंबर पुन्हा वाटू लागते. प्रोग्राम मेला तरी त्याचा नंबर लगेच मोकळा होत नाही. ज्यानं त्याला जन्म दिला त्यानं येऊन 'मेला, बघितलं' असं म्हणेपर्यंत कर्नल तो नंबर राखून ठेवतो. तेवढं झालं की तो नंबर बेवारस, कोणालाही मिळू शकतो. आणि मशीन बंद होऊन उठलं, तर सगळं पुन्हा एकपासून.

म्हणजे नंबर हे नाव नव्हतंच. आज ज्याचा आहे, उद्या त्याचाच असेल, असं वचन कर्नलनं कधीच दिलेलं नव्हतं. ते मोनानं स्वतःच धरून घेतलं होतं, आठ वर्षांपूर्वी, एका फाइलमध्ये.

मग तिनं ती फाइल उघडली. मशीन बंद झालं तरी पुसली न जाणाऱ्या जागी ती तिनं ठेवली होती. वीज जाण्याच्या आधी काट्याचा नंबर अकराशे सत्त्याऐंशी होता आणि तो फाइलमध्ये तसाच राहिला. मशीन उठलं. पूर्वी उठताना सगळे प्रोग्राम ठरलेल्या रांगेत ठरलेले नंबर घ्यायचे आणि काटा शेवटी, राजकुमारनं हातानं सुरू केल्यावर. त्यामुळे तोपर्यंत अकराशे सत्त्याऐंशी कोणाकडेच नसायचा. राखणदार उठायचा, जुनी फाइल वाचायचा, रिकाम्या जागी वार करायचा आणि समाधानानं बसायचा. आठ वर्षं त्याची ही मर्दुमकी कोणाला कळली नाही. आता रांगेत पुढे कॅमेरे घुसले होते. कधी पाच उठायचे, कधी नऊ, आणि प्रत्येक जण आपले दोन-तीन नंबर घ्यायचा. मागची सगळी रांग सरकायची. त्या दिवशी अकराशे सत्त्याऐंशी डिस्पॅचच्या वाट्याला गेला होता. दुसऱ्या वेळी फाइलमधला नंबर वेगळा होता, पण तोही डिस्पॅचच्याच एका भावंडावर, म्हणजे त्याच्या जोडीनं चालणाऱ्या प्रोग्रामवर, पडला होता, आणि त्यातला एक मेला तरी डिस्पॅच सगळंच बंद करून बसायचं.

राखणदारानं नंबर वाचला आणि ठार केलं. खातं काट्याचं. लॉग खरं बोलत होता. खुनी मोनाची स्क्रिप्ट होती.

त्या संध्याकाळी तिनं घरी सांगितलं. केवलरामजी टीव्ही पाहत होते. त्यांनी आवाज कमी केला, बंद केला नाही.

"बाबा, त्या राजकुमारभाऊले काढलं ना, ते माह्या चुकीनं झालं."

सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "समितीनं तुह्यं नाव घेतलं काय?"

"नाही."

"मग तू कावून घेऊन राहिली? चूप राह्य. नवकरी पाह्य आपली."

"बाबा, त्याची नोकरी गेली ना."

"निलंबन हाय, नोकरी नाही गेली. युनियन पाहीन त्याचं." चौतीस वर्षं प्लांटमध्ये काढलेल्या माणसाला कुठे वाकायचं आणि कुठे नाही हे चांगलं कळतं. बहुतेक ठिकाणी वाकायचं, असाच त्यांचा अनुभव होता.

आई, मथुराबाई, पालक निवडत होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "राजकुमारची बायको कलावती मले मंगळवारच्या बाजारात भेटली होती. म्हणे, हे घरातून निघतात डबा घेऊन, दिवसभर दुर्ग स्टेशनवर बसून येतात. पोरीले सांगितलं नाही अजून." आणि पालकाच्या काड्या वेगळ्या करू लागल्या.

मोनानं त्या रात्री काही ठरवलं नाही. तिनं मला नंतर सांगितलं की तिला एक सोयीस्कर वाट दिसली होती. राजकुमार घरी आहे. वीज पुन्हा जाणारच. बॅटऱ्यांचा प्रस्ताव फिरतोच आहे. डिस्पॅच पुन्हा कोसळेल, त्याच्याशिवाय कोसळेल, आणि तो आपोआप निर्दोष ठरेल. राखणदारात दुरुस्ती करण्याऐवजी ती आठ दिवस वाट पाहत बसली. मोना बहेकार थोर नाही, हे मी मुद्दाम लिहितो आहे.

नवव्या दिवशी वीज गेली. डिस्पॅच कोसळलं. काट्यावर दुसरा ऑपरेटर होता आणि राजकुमार नेहमीप्रमाणे दुर्ग स्टेशनच्या बाकावर.

समिती तातडीनं बसली. मोना निश्चिंत होती. दीड तासानं आम्ही बाहेर आलो तेव्हा निष्कर्ष असा निघाला होता की राजकुमार जाता जाता सर्व्हरमध्ये काहीतरी पेरून गेला आहे. पूर्वी नुसता रागीट असलेला माणूस आता कारस्थानी ठरला होता. पोलिसात तक्रार द्यावी असं सर्वानुमते ठरलं. हा माझा दुसरा.

मी कागद घेऊन जिना उतरत होतो. मोनानं मला अडवलं आणि काय ठरलं ते विचारलं. मी सांगितलं. सांगायला नको होतं, इतिवृत्त गोपनीय असतं. पण आमच्याकडे गोपनीय गोष्टी कॅन्टीनवाल्यालाही माहीत असतात, मग तिला का नसाव्यात.

ती तिथूनच सरळ वर गेली. देवानंद साहेबांच्या खोलीत सुजय साहेब चहा पीत होते.

"सर, ते मी केलं," ती म्हणाली.

सुजय साहेबांनी कप खाली ठेवला. "काय केलं?"

"डिस्पॅच. माझ्या स्क्रिप्टनं मारलं. तिन्ही वेळा."

मला वाटलं, आता वादळ होणार. तसं काही झालं नाही. दोघा साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. मग देवानंद साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "मोना, सहकाऱ्याबद्दल सहानुभूती असणं चांगलं आहे. पण समितीचा निष्कर्ष झालेला आहे."

"सर, निष्कर्ष चुकीचा आहे."

"लॉग आहे ना?" सुजय साहेब म्हणाले. "नंबर आहे ना? तुझ्या फाइलमध्ये काट्याचा नंबर. मग डिस्पॅच कसं मरेल? एक नंबर एकालाच असतो."

"एका वेळी एकालाच सर. पण नंतर तोच दुसऱ्याला मिळतो."

"कोण देतं असं?"

"कर्नल देतो."

इथे दुसरे सदस्य, निवृत्त सुभेदार, जे दारात उभे होते, चौकशीत पहिल्यांदा आणि शेवटचं बोलले. "कर्नल साहेबांनी दिला असेल तर विचार करूनच दिला असेल."

गुन्हा कबूल करायला आलेल्या माणसाला आपला गुन्हा सिद्ध करून दाखवावा लागतो, हे मोनाला त्या दिवशी कळलं. तिनं विशेष बैठक मागितली. देवानंद साहेबांनी ती दिली, कारण सुजय साहेबांना त्याच दिवशी डिजिटल प्रकल्पाचं सादरीकरण करायचं होतं आणि प्रोजेक्टर तसाही लावलेला असणार होता.

बैठकीच्या खोलीत मोनानं आपला लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. त्याची नंबरांची मर्यादा तिनं सर्व्हरइतकीच करून ठेवली होती. "मशीन बंद करून उठवण्यात वेळ जाईल," ती म्हणाली. "म्हणून नंबर संपवून दाखवते. शेवटी होतं तेच."

तिनं कॅल्क्युलेटर उघडला. त्याचा नंबर आठ हजार चारशे बारा आला. तो तिनं सगळ्यांसमोर एका फाइलमध्ये लिहिला आणि कॅल्क्युलेटर बंद केला. मग एक स्क्रिप्ट चालवली, जी नुसते जन्मून मरणारे प्रोग्राम काढत होती. पडद्यावर आकडे धावू लागले. वीस हजार, तीस हजार, बत्तीस हजार सातशे, आणि एकदम तीनशे.

"हे तीनशेच का?" मी विचारलं. सचिवानं बोलू नये, पण मला राहवलं नाही.

"पहिले तीनशे नंबर कर्नल दुसऱ्यांदा वाटत नाही. ते मशीन उठतानाच्या घरच्या मंडळींसाठी."

आकडे आठ हजार चारशे अकरावर थांबले. "सर, आता तुमचं सादरीकरण उघडते," ती सुजय साहेबांना म्हणाली. उघडलं, पण नंबर आला आठ हजार चारशे तेरा. मधे दुसरं काहीतरी उठून बारा घेऊन गेलं होतं. सुजय साहेब हसले. "पाहिलंत? होत नाही."

मोनानं सादरीकरण बंद केलं आणि पुन्हा आकडे धावू दिले. आम्ही सगळे पडद्याकडे बघत बसलो. या वेळी सादरीकरणाला आठ हजार चारशे बारा मिळाला. पडद्यावर बारा कॅमेऱ्यांचं चित्र आणि माउस धरलेले सुजय साहेब दिसू लागले.

तिनं लॅपटॉप देवानंद साहेबांकडे सरकवला. "सर, मघाशी कॅल्क्युलेटर उघडला होता. त्याचा नंबर या फाइलमध्ये आहे. तो बंद करायचा हुकूम मी लिहून ठेवला आहे. तुम्ही फक्त एंटर दाबा."

"कॅल्क्युलेटर तर तू बंद केलास."

"हो सर. राखणदाराला ते माहीत नसतं. दाबा."

देवानंद साहेबांनी एंटर दाबलं. सुजय साहेब, बारा कॅमेरे आणि डिजिटल प्रकल्प पडद्यावरून नाहीसे झाले.

मोनानं लॉग उघडला. त्यात लिहिलं होतं की सादरीकरणाला ठार करण्याचा हुकूम या लॅपटॉपवरच्या खात्यातून गेला, आणि लॅपटॉपवर त्या वेळी देवानंद साहेब होते.

"समितीच्या पद्धतीनं पाहिलं तर हे तुम्ही केलं सर," मोना म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमची सुजय सरांशी काही दुश्मनी आहे का, ते मला माहीत नाही."

अध्यक्ष स्वतः आरोपी ठरत असतील तर पद्धत बदलावी लागते. ती लगेच बदलली. चहा मागवला गेला, आणि चहा येईपर्यंत सगळ्यांना पहिल्यापासूनच राजकुमारबद्दल शंका वाटत नव्हती असं निघालं. पोलिसात द्यायची तक्रार माझ्या फाइलमधून काढून घेतली गेली. त्याला 'संशयाचा फायदा देऊन' कामावर परत घ्यावं असं ठरलं. तो निर्दोष आहे असं लिहावं, असं मी सुचवलं, तर देवानंद साहेब म्हणाले की तसं लिहिलं तर आधीचं चूक होतं असा अर्थ निघतो. सर्वानुमते. तिसरा.

मोनाला मेमो मिळाला, 'परवानगीशिवाय स्क्रिप्ट चालवणे' या सदराखाली. तो रास्तच होता, आणि तिनं त्यावर हरकत घेतली नाही. सुजय साहेबांनी एक परिपत्रक काढलं, 'यापुढे कोणताही एक नंबर दोन प्रोग्रामांना देण्यात येऊ नये'. ते सर्व विभागांना गेलं, कॅन्टीनलाही. कर्नलला प्रत पाठवायची राहून गेली. वर्षअखेरीस त्याच परिपत्रकाबद्दल सुजय साहेबांचा सत्कार झाला.

राखणदार मोनानं दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केला. फाइल आता मशीन बंद होताच पुसली जाईल अशा जागी असते, आणि नंबराशेजारी त्या प्रोग्रामचा जन्म कोणत्या क्षणी झाला तेही लिहिलेलं असतं. दोन्ही जुळलं तरच वार करायचा. तिनं मला सांगितलं की नव्या कर्नलमध्ये याहून चांगली सोय आहे. नंबर लिहून ठेवायची गरजच नाही. कर्नलकडून त्या एका प्रोग्रामची मूठ, म्हणजे फक्त त्याच्यापुरती पकड, मागून घ्यायची. तो मेला तर मूठ सांगते की मेला, आणि त्याचा नंबर दुसऱ्या कोणाला मिळाला तरी ती मूठ त्या दुसऱ्याकडे कधीच वळत नाही. पण त्यासाठी नवा सर्व्हर लागेल. त्याचा प्रस्ताव तिनं दिला आहे. बॅटऱ्यांच्या प्रस्तावामागे तो आहे.

राजकुमार सव्वा महिन्यानं कामावर आला. त्याच्या आदल्या रविवारी मोना नंदिनी नगरला त्याच्या घरी गेली होती. जायची गरज नव्हती. कंपनीच्या पत्रात तिचं नाव कुठेच नव्हतं आणि त्याला कधी कळलंही नसतं. मी तिच्याबरोबर गेलो, कारण तिला घर माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या तीन शब्दांचं ओझं मलाही होतं.

कलावतीबाईंनी पाणी आणून दिलं. मोनानं फार लांबण न लावता सांगितलं. राखणदार, नंबर, आठ वर्षं, आणि मग ते आठ दिवस, जेव्हा तिला माहीत होतं आणि ती गप्प बसली. तो भाग ती गाळू शकली असती.

राजकुमार खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "मतलब, माह्या खात्यावर तुमचं दुसरं कोणी बसून होतं. आठ साल."

"हो, भाऊ."

"अन् मले कोणी पुसलं नाही."

"नाही."

"तुमी खरं बोलल्या मॅडम, ते ठीक केलं. पण मी सव्वा महिना टेशनवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्याइचे नंबर वाचत होतो. पोरीले वाटत होतं मी ड्युटीवर हावो. माफ केलं म्हणाले मले आत्ताच जमत नाही."

"म्हणू नका," मोना म्हणाली. "मी त्यासाठी आली नाही."

"मग कायले आल्या?"

मोनानं पाण्याचा पेला खाली ठेवला. आम्ही उठलो. कलावतीबाई दारापर्यंत आल्या आणि मोनाला म्हणाल्या की परतीच्या रस्त्यावर फाटकापाशी काम सुरू आहे, आतल्या अहिवाराच्या रस्त्यानं जा.

तो कामावर आल्यावर मोनानं त्याला स्वतःच्या नावाचं वेगळं खातं करून दिलं. फॉर्मवर सही यायला याही वेळी तीन आठवडे लागले, पण या वेळी ती रोज सकाळी सुजय साहेबांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. पहिला दीड महिना राजकुमार तिच्याशी बोलला नाही. काट्यावर काही अडलं तर तो मला फोन करायचा आणि मी तिला सांगायचो, जणू आम्ही तिघं तीन वेगवेगळ्या गावी राहत होतो.

गेल्या आठवड्यात दुपारी मी कॅन्टीनमध्ये गेलो तेव्हा तो मोनाच्या टेबलापाशी उभा होता, हातात डबा, बसलेला नव्हता.

"मॅडम, काटा मघाशी बंद पडला अन् परत चालू झाला. आता त्याचा नंबर काय हाय?"

मोनानं फोनवर पाहून सांगितलं. "दोन हजार नव्वद."

"अन् पहिले जो होता तो?"

"तो आता कोणाचा नाही. मिळेल दुसऱ्या कोणाला."

त्यानं मान हलवली आणि तो पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला. मोनानं डबा पुढे ओढला आणि जेवू लागली.